करडाच्या छातीतली शिट्टी

सोलापूरला माणसं चादरी घ्यायला जातात, नाहीतर अक्कलकोटच्या वाटेवर उतरतात. मी कार्टून शोधायला गेले. गाडीत शेजारी बसलेल्या काकूंनी विचारलं म्हणून हे सांगितलं, तर त्या मनापासून हसल्या. "अगं, कार्टून मोबाइलवर बघ की! त्यासाठी सोलापूर कशाला?" असं म्हणून त्यांनी डबा उघडला आणि माझ्या हातावर शेंगापोळी ठेवली. अनोळखी माणसांशी बोलायचं म्हटलं की मी अवघडते. तोंडात पोळी होती, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही.

मी पुण्यात एका लहान संस्थेत काम करते. मुलांच्या आजारांवरच्या फिल्म, गाणी, चित्रगोष्टी आम्ही शोधतो, पाहतो, आणि ज्या दवाखान्यांना हव्या असतात त्यांना निवडून देतो. हे काम मला आवडतं, कारण ते बहुतेक इअरफोन लावून करता येतं. सोलापूरच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी कळवलं होतं की दम्याच्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना दाखवायला काहीतरी द्या. मी इंटरनेटवरून पुष्कळ पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, "या फिल्ममधल्या पोराला स्वतःची खोली आहे, गालिचा आहे आणि झुबकेदार कुत्रा आहे. माझ्या पेशंटांकडे यातलं काहीच नाही. तुम्ही एकदा येऊन जा."

आमच्या मॅडम म्हणाल्या, "जा. तीन दिवस माणसांशी बोललीस तर काही बिघडत नाही."

सोमवार, दवाखाना

थंडी नुकतीच सरली होती आणि सोलापूरचं ऊन लगेच कामाला लागलं होतं. सकाळी दहालाच रस्ता पांढरा दिसत होता. डॉक्टर बिराजदारांच्या दवाखान्यात बाकांवर जागा नव्हती. एका बाकावर मराठी चाललं होतं, दुसऱ्यावर तेलुगू, दाराशी दखनी, आणि डॉक्टर आतून तिन्ही बाकांशी कानडी हेलाच्या मराठीत बोलत होत्या. भिंतीवरच्या टीव्हीवर कुणीतरी पनीर तळत होतं.

"बघितलंत?" डॉक्टर म्हणाल्या. "टीव्ही आहे, बघणारे आहेत, तासभर बसून राहायची तयारी आहे. लावायला काही नाही म्हणून पनीर."

त्यांच्यासमोर एक सात वर्षांची मुलगी बसली होती. नाव श्रावणी. दोन वेण्या, गुडघ्यावर खपली, आणि बोलताना मधेच थांबून श्वास घ्यायची सवय. तिची आई पद्मा शेजारी उभी होती. केसांत कापसाचे बारीक तंतू अडकलेले.

"पंप देते का रोज?" डॉक्टरांनी विचारलं.

पद्माने भिंतीकडे पाहिलं.

"मी तुला विचारतेय, भिंतीला नाही."

"देत होते की म्याडम. सासूबाईंनी ठेवून दिला. म्हणत्यात सवय लागती. उद्या लग्नाच्या टायमाला कोण ईल बघायला, पोरगी पंपवाली म्हणून."

"आणि कुठे ठेवून दिला?"

"तेच तर सांगत न्हाईत."

श्रावणी मधेच म्हणाली, "मला लेझीममधनं काढलं." हे तिने मला सांगितलं, कारण खोलीत मीच तेवढी काही करत नव्हते.

त्या गेल्यावर डॉक्टर दोन्ही हात टेबलावर ठेवून बसल्या. "ही दिवाळीनंतर दोनदा ॲडमिट झाली. रोजचा पंप घेतला तर धावेल, लेझीम खेळेल, सगळं करेल. नाही घेतला तर पुन्हा रात्री रिक्षात घालून आणतील, आणि दर वेळी वेळेवर पोचतीलच असं नाही. आईला पटलंय. आजी इथे येत नाही, आणि मी बोललेलं आईने घरी नेलं की त्याचं वजन राहत नाही. त्या आजीला बसून बघावंसं वाटेल असं काहीतरी मला द्या."

म्हणजे मला दवाखान्यासाठी फिल्म शोधायची होती, पण पाहणारी एकच होती, आणि ती दवाखान्यात येणारी नव्हती.

दुपारी डॉक्टरांनी मला एका जुन्या प्रशिक्षण केंद्रात पाठवलं. तिथे पूर्वी आरोग्याच्या फिल्म दाखवत. केंद्र बंद होऊन बराच काळ झाला होता, पण कपाटाची किल्ली सांभाळणारे मुल्लाचाचा रोज येऊन बसत. त्यांनी कपाट उघडलं, आणि आत सीडींच्या चळतीच चळती.

"देखो बेटी, पूरा खजाना है," ते म्हणाले. "बस बजाने का डब्बा नै."

वरच्या खिडकीत त्याच सीडी दोऱ्याला बांधून टांगलेल्या होत्या. कबुतरं येऊ नयेत म्हणून. माझ्याकडे पाहून चाचा घाईने म्हणाले, "वो डबल वाले हैं. एक एक सब का रख्या हूं मैं." त्यांनी मला चहा पाजला, आणि दम्याची सीडी शोधायला दोघं जमिनीवर बसलो. अतिसाराच्या खूप, लसीकरणाच्या त्याहून जास्त, एक नुसती 'साबण' एवढंच लिहिलेली. अखेर एक सापडली. वेष्टनावर एक करडू काढलं होतं आणि त्याचं तोंड उघडं होतं.

डॉक्टरांच्या जुन्या कॉम्प्युटरवर ती लावली. थोडं खरखरलं आणि चालू झाली. करडू डोंगरावर पळतं, मधेच थांबतं, त्याच्या छातीतून शिट्टी वाजते. आईशेळी त्याच्या छातीला कान लावते, दचकते आणि त्याला घेऊन म्हाताऱ्या बैलाकडे जाते. बैल डॉक्टर असतो. तो नळीला लावलेला पंप देतो, करडू हळूहळू श्वास घेतं आणि पुन्हा डोंगर चढतं. चित्रं साधी होती, पण करडाच्या डोळ्यांत जीव होता. घोटाळा निवेदनाचा होता. एक गोड आवाजाची बाई सांगत होती, "श्वसनमार्गाच्या दाहामुळे श्वासोच्छ्वासास अवरोध निर्माण होतो." मी इंग्रजी शाळेत शिकले, म्हणून मला वाटलं की मलाच कळलं नाही.

"मलाही नाही कळलं," डॉक्टर म्हणाल्या.

मंगळवार, मैंदर्गी

फिल्म टॅबवर उतरवून घेतली आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून मैंदर्गीला गेले. तिथल्या एका अंगणवाडीच्या सेविका, महादेवीताई, पोरांना फिल्म दाखवण्यात पटाईत होत्या. बस अक्कलकोट सोडून पुढे गेली तशी दुकानांच्या पाट्यांवर मराठीच्या खाली कानडी दिसायला लागली. दोन्हीकडे ज्वारी उभी होती, काही ठिकाणी कापलेली. मी एक थांबा आधीच उतरले. कंडक्टर "मैंदर्गी, मैंदर्गी" असं ओरडला तेव्हा तो फक्त मैंदर्गीच्या प्रवाशांना सुट्टे पैसे परत घ्यायला हाक मारत होता, हे नंतर कळलं. उरलेलं अंतर मी कडब्याच्या बैलगाडीमागून चालत गेले. बैलगाडीवाल्याने दोनदा "बसा की" म्हटलं, दोनदा मी "नको" म्हटलं, आणि तिसऱ्यांदा त्याने विचारायचं सोडून दिलं याचं मला वाईट वाटलं.

"बर्री, कुंद्री!" महादेवीताई दारातच म्हणाल्या, आणि मी उभीच राहिले तेव्हा हसल्या. "या, बसा म्हणाले हो. पाय लाल झालेत की तुमचे."

वीसेक पोरं आणि पाच-सहा आया बसल्या होत्या. मी फिल्म लावली. बाईचा गोड आवाज सुरू झाला. दुसऱ्या वाक्याला ताईंनी हात लांब करून आवाज पूर्ण बंद केला.

"बाई लई छान बोलती," त्या मला म्हणाल्या. "पर तिची आन आमच्या पोरांची वळख न्हाई."

मग त्या टॅबशेजारी मांडी घालून बसल्या आणि स्वतः बोलायला लागल्या. कानडीत. मला शब्द कळत नव्हते, पण 'आडूमरी' म्हणजे करडू हे लगेच समजलं. करडू गावातल्याच कुणा शिवप्पाचं झालं, कारण एक पोरगा ओरडला की शिवप्पाच्या करडाचा कान तुटका आहे. ताईंनी तोही कान गोष्टीत घेतला. शिट्टीच्या ठिकाणी त्यांनी फिल्म थांबवली आणि पोरांकडे पाहिलं. वीस पोरांनी वीस तऱ्हेच्या शिट्ट्या मारल्या. काहींची नुसती थुंकी उडाली. एका आईने पदर तोंडाला लावला आणि शेजारणीला काही म्हणाली, दोघी हसत सुटल्या. ताईंनी मला मराठीत सांगितलं, "म्हणती, नवरा घोरतो तेव्हा असंच ऐकू येतंय, त्यालाबी पंप आणा."

हसणं ओसरल्यावर तिसऱ्याच एका बाईने हळू आवाजात काही विचारलं. ताईंनी उत्तर दिलं, आणखी एक प्रश्न आला. फिल्म कधीच संपली होती आणि बोलणं चालू होतं. माझ्या एवढ्या नोकरीत मी शेकडो फिल्म पाहिल्या, पण त्या संपल्यानंतर काय होतं हे कधी पाहिलं नव्हतं.

जेवायला कडक भाकरी होती, मोडली की आवाज होणारी, आणि शेंगाची चटणी, वर दही. आमच्या घरी चटणी चमचाभर असते, ताटाच्या कडेला. इथे ती भाजीच्या जागी बसते. जेवताना मी ताईंना श्रावणीच्या आजीचं सांगितलं होतं, घरी तेलुगू चालतं हेही. निघताना त्या म्हणाल्या, "त्या तेलगू आजीकडं जाणार न्हवं? तितं कोण बोलणार करडासाठी?"

मला तेलुगू येत नाही. पद्मा बोलेल, मी म्हणाले.

बुधवार, मागांच्या वस्तीत

पद्माच्या घराचा पत्ता विचारावा लागला नाही. तिने सांगितलं होतं, "आवाज यायला लागला की डावीकडं वळा." वळल्यावर आवाजच आवाज. गल्लीत दोन्हीकडे यंत्रमागांचे कारखाने, आणि प्रत्येक दारातून खडखड बाहेर येत होती. पहिल्या मिनिटाला मला वाटलं, हा थांबल्यावर बोलू. मग कळलं की तो थांबत नाही.

खाली कारखाना, वर घर. कारखाना लहानसा होता, आठ मागांचा, मालक मल्लेशम स्वतःही एका मागावर उभा. टॉवेल विणले जात होते. पद्मा दोन माग सांभाळत होती. तिने मला पाहिलं आणि ओठ हलवले. मी जवळ जाऊन ओरडले, "काय?" तिने मान हलवली आणि पुन्हा ओठच हलवले, सावकाश. तेव्हा लक्षात आलं की इथे कुणी ओरडत नाही. पलीकडच्या मागावरची लक्ष्मी नावाची बाई दोन बोटं नाकाला लावून काही म्हणाली, पद्मा खांद्याने उत्तर देऊन हसली. चार माग ओलांडून गप्पा चालल्या होत्या, नुसत्या ओठांच्या आणि हातांच्या. माझ्याकडे बोट करून एकीने हनुवटी वर केली, म्हणजे ही कोण. दुसरीने छातीवर हात ठेवून लांब श्वास घेतला. डॉक्टरकडची. मी गल्लीत शिरल्यापासूनच्या पाच मिनिटांत सगळ्या कारखान्याला माझी माहिती झाली होती. आणि मला बोलायची गरज नव्हती, याने मला इतकं बरं वाटलं की मी स्वतःच चकित झाले.

आजी कोपऱ्यात खाली बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. तिला सगळे अव्वा म्हणतात. बारीक चणीची, नाकात दोन्हीकडे चमक्या, हात सतत चालू. श्रावणी तिच्या पाठीला टेकून गृहपाठ करत होती. शाळा दुपारची होती. ती नुकतीच जिना उतरून आली होती आणि तिचे खांदे श्वासाबरोबर वरखाली होत होते.

मी टॉवेलांच्या गठ्ठ्यावर टॅब उभा केला आणि फिल्म लावली. आवाज बंदच होता, असता तरी उपयोग नव्हता. पद्मा मागावरून हलू शकत नव्हती. तेव्हा करडासाठी बोलायला कुणीच नव्हतं.

अव्वाने पाहिलं. आधी डोळ्याच्या कोपऱ्यातून, मग हातातली कांडी थांबवून. करडू पळालं तेव्हा ती हसली. आईशेळीने छातीला कान लावला आणि दचकली, तेव्हा अव्वाने माझ्याकडे वळून तळहात उलटा केला. शेळीला काय झालं?

आता शिट्टी दाखवायची होती. मी ओठांचा चंबू केला. लक्ष्मीला वाटलं कुकर. तिने हाताने झाकण लावून दाखवलं. मी छातीवर बोट ठेवून पुन्हा चंबू केला. तिकडून कुणीतरी रेल्वेचा हात केला. मी मग श्रावणीकडे बोट केलं, तिच्या छातीकडे, आणि कानाला हात लावला.

अव्वाला ते समजलं. तिने ठाम मान हलवली. ओठ स्पष्ट हलले, आणि श्रावणीने माझ्या कानाला तोंड लावून ते मराठीत सांगितलं, "अव्वा म्हणती, माझ्या पोरीत असलं काय वाजत न्हाई. मी रोज जवळ घिऊन झोपती."

ती खोटं बोलत नव्हती. शेजारचे कारखाने रात्रपाळीलाही चालतात. त्या पोरीची छाती घरात कुणालाच कधी ऐकू आली नसणार. मी पद्माकडे पाहिलं. मग जे मी एरवी केलं नसतं ते केलं. तिचा माग बंद करायच्या दांड्याकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हात जोडले.

पद्माने क्षणभर सासूकडे पाहिलं आणि एक दांडा ओढला. मग दुसरा. लक्ष्मीने काय चाललंय हे न विचारता आपला ओढला. एकेक करून खडखड पातळ होत गेली. शेवटी मल्लेशमचा एकट्याचा माग राहिला. त्याने वैतागून तोही थांबवला आणि सवयीने पूर्ण ताकदीने ओरडला, "काय झालं? कोण मेलं?"

सगळे दचकले. तोही दचकला.

"कुणी न्हाई," पद्मा हळू म्हणाली. "शेठ, जरा गप बसा की."

गल्लीतला आवाज भिंतींपलीकडे होता. आत शांत झालं, आणि श्रावणीची छाती ऐकू आली. श्वास बाहेर जाताना बारीक, लांब शिट्टी, शेवटी थोडी वाकडी. पुन्हा श्वास. पुन्हा शिट्टी. लक्ष्मीचा हात तोंडावर गेला. मल्लेशमने खाली पाहिलं. पद्मा तर दोनदा हॉस्पिटलात हेच ऐकून आली होती, तरी तिचे डोळे भरले.

"एमैंदी?" अव्वाने विचारलं. काय झालं?

ती एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती, ओठ हलायची वाट बघत. तेव्हा मला समजलं. चाळीसेक वर्षं ती या मागांमध्ये बसली होती. आठ माग बंद केले तरी तिच्या कानांपर्यंत ही शिट्टी पोचणार नव्हती. मी फिल्मचा आवाज बंद केला होता, मागांचा आवाज बंद केला होता, आणि जिच्यासाठी हे केलं तिला काहीच ऐकू येत नव्हतं. मला जमिनीत जावंसं वाटलं.

श्रावणीने पेन्सिल वहीत ठेवली. अव्वाचा उजवा हात धरला, तो मागे नेऊन आपल्या पाठीवर, वेण्यांच्या खाली, सपाट दाबून ठेवला, आणि मोठा श्वास सोडला.

पाठीतून ती शिट्टी हाताला लागते, थरथरल्यासारखी. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, डॉक्टरांनी नंतर सांगितलं. अव्वाला लगेच लागली असावी. सूत कुठे तटतटलंय, कुठे तुटणार आहे, हे ती हातानेच ओळखत आली होती. तिने हात उचलला, पदराला पुसला आणि पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. तिचा चेहरा मी इथे लिहून दाखवू शकणार नाही.

"असं रोज?" तिने मराठीत विचारलं. मला.

मी मान डोलावली.

ती उठली. गुडघ्यांवर हात टेकत जिना चढून वर गेली. लक्ष्मी आता मोठ्याने म्हणाली, "तांदळाच्या डब्यातनं काढायला गेली असंल."

"तुला म्हाईत होतं?" पद्मा उसळली.

"सगळ्या गल्लीला म्हाईत हाय. तिनंच माझ्या नणंदेला सांगितलं, ओठानं. मी हिकडनं वाचलं."

"मग मला सांगितलं न्हाईस होय गं?"

"तू ईचारलंस कधी? डॉक्टरला सांगत बसली तू."

मल्लेशम हसला आणि मग माग का थांबलेत हे आठवून घड्याळाकडे पाहू लागला. पण दांड्याला त्याने हात लावला नाही.

अव्वा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले दोन्ही पंप, निळा आणि रोजचा, आणि नळी घेऊन आली. पिशवीला तांदूळ चिकटले होते. नळी स्वच्छ होती. डॉक्टरांनी पद्माला सांगितलेलं होतं, शिट्टी असेल तेव्हा आधी निळा, तो बरं करतो. मग रोजचा, तो होऊ देत नाही. पद्माने निळा पंप हलवून नळीला लावला. अव्वाने तो तिच्या हातातून काढून घेतला. मी टॅबवर करडाचा तो भाग पुन्हा लावला. म्हातारा बैल, पंप, सावकाश श्वास. अव्वाने पडद्याकडे पाहत नळी श्रावणीच्या तोंडाला लावली आणि बटण दाबलं. लक्ष्मीने हात वर करून एकेक बोट उघडलं. दुसऱ्या मागावरून आणखी एक हात वर आला. श्वास मोजायला सगळा कारखाना लागला होता.

"लग्नाचं काय म्हणायचीस आता?" लक्ष्मीने अव्वाला ओठांनी विचारलं. तिने बोटांनी मुंडावळ्या बांधून दाखवल्या, म्हणून मलाही कळलं.

अव्वाने तिला जे उत्तर दिलं ते श्रावणीने मला मराठीत सांगायला नकार दिला. सगळ्या बाया खदखदून हसल्या, त्यावरून ते बऱ्यापैकी चावट असावं.

मल्लेशमने अखेर दांडा ओढला. मग पद्माने, लक्ष्मीने. पुन्हा तीच खडखड, आणि तिच्यात मी सगळ्यांचा निरोप हातानेच घेतला. दारात वळून पाहिलं. श्रावणी वही मांडीवर घेऊन बसली होती. अव्वाचा डावा हात कांडीवर होता, काम करत नव्हता. उजवा पोरीच्या पाठीवर सपाट. डोळे मिटलेले, मान थोडी तिरकी. ती ऐकत होती.